घर आमचे, किल्ली कुणाच्या हाती? : भीमा कोरेगाव खटला आणि आपल्या संगणकाचे दार

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटापुढे एक साधी अडचण आली. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांची सगळी कागदपत्रे, म्हणजे फिर्यादीच्या प्रती, जातीचे दाखले, साक्षीदारांचे जबाब, घटनास्थळाचे फोटो, येरवड्यातल्या एका कार्यकर्त्याच्या घरच्या संगणकावर साठवलेली. आम्ही कधी तालुक्याच्या कोर्टात, कधी पोलीस ठाण्यात. नेमकी फाइल लागते तेव्हा घरी कोणी नसते. आमच्यातल्याच संगणक शिकलेल्या एका पोराने तोडगा काढला. घरच्या राउटरवर एक पोर्ट उघडले, रिमोट डेस्कटॉप सुरू केला आणि मोबाइलवरून घरचा संगणक चालवून दाखवला. सगळे खूश झाले.

चौथ्या दिवशी त्याने संगणकातली लॉगिनची नोंद उघडून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावाने हजारो वेळा पासवर्ड मारून पाहिलेला. दिवसरात्र, थांबता न थांबता. त्यामागे आपला कोणी खास शत्रू होता असे नाही. उघडी दारे शोधत इंटरनेटभर फिरणाऱ्या यंत्रांना आमचेही दार सापडले होते, इतकेच. पासवर्ड मजबूत होता म्हणून निभावले. पोर्ट त्याच क्षणी बंद केले.

पण त्या रात्री बैठकीत एका ताईंनी विचारलेला प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. त्या म्हणाल्या, “आत कोणी शिरले असते तर नुकसान कुणाचे होते? आपले, की गावात राहून सवर्णांविरुद्ध जबाब देणाऱ्या त्या बाईचे?”

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहोत. फायरवॉल, पोर्ट, रिमोट ॲक्सेस हे शब्द ऐकले की आपले बरेच कार्यकर्ते “ते आयटीवाल्यांचे काम” म्हणून मान फिरवतात. आमचे म्हणणे असे की आज हे चळवळीचे काम आहे. आणि पुण्याच्या आंबेडकरी तरुणाला ते पटवून देण्यासाठी परदेशातले उदाहरण शोधायची गरज नाही.

पुण्यात नोंदवलेला एक गुन्हा

३१ डिसेंबर २०१७. शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होत असताना विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघालेल्या आपल्या लोकांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. पुढचे आपल्याला पाठ आहे. मार खाल्लेल्यांच्या तक्रारी मागे पडल्या आणि एल्गार परिषदेच्या निमित्ताने पुण्यात नोंदवलेला गुन्हा देशभर पसरला. १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी दिल्लीत रोना विल्सन, नागपुरात ॲड. सुरेंद्र गडलिंग, मुंबईत सुधीर ढवळे यांच्यासह अनेकांच्या घरांची झडती घेऊन संगणक, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह उचलले. ६ जूनला अटका सुरू झाल्या. जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे गेला. एकूण सोळा जण तुरुंगात गेले. त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते, कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप होते. तेलतुंबडे सरांना आत जावे लागले तो दिवस १४ एप्रिल २०२०, बाबासाहेबांची जयंती. ते जामिनावर बाहेर आले तो दिवस २६ नोव्हेंबर २०२२, संविधान दिन.

या खटल्याचा मोठा डोलारा संगणकात सापडलेल्या पत्रांवर उभा आहे. आता ती पत्रे तिथे आली कशी, ते पाहा.

बचाव पक्षाच्या वकिलांनी हार्ड डिस्कची इलेक्ट्रॉनिक प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्या कंपनीकडे पाठवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा पहिला अहवाल बाहेर आला. त्यानुसार १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून मेल आले. सोबतचा दस्तऐवज उघडा, असा आग्रह. दस्तऐवज उघडला आणि मागच्या मागे ‘नेटवायर’ नावाचा प्रोग्राम संगणकात बसला. त्यानंतर बावीस महिन्यांहून अधिक काळ तो संगणक दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात होता. एक लपवलेले फोल्डर तयार झाले, त्यात पत्रे ठेवली गेली. ती पत्रे त्या संगणकावर कधी उघडून वाचल्याचा एकही पुरावा आर्सेनलला मिळाला नाही. काही पत्रे वर्डच्या ज्या नव्या आवृत्तीत बनवलेली होती, ती आवृत्ती विल्सन यांच्या संगणकावर नव्हतीच. ॲड. गडलिंग यांच्या संगणकाबाबतही तसाच निष्कर्ष निघाला.

फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. ऑक्टोबर २०१४ पासून जून २०१९ पर्यंत, म्हणजे जवळपास पाच वर्षे, तो संगणक परक्या हातात होता. ११ जून २०१९ रोजी घुसखोराने आपल्या खुणा पुसायला घेतल्या आणि १२ जूनला पुणे पोलिसांनी संगणक जप्त केला. उद्या जप्ती होणार हे घुसखोराला आदल्या दिवशी कसे कळले? हा प्रश्न आम्ही नाही, तो अहवालच विचारायला लावतो. पण उत्तर ऐकायला फादर राहिले नाहीत. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला.

जून २०२२ मध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने सुरक्षा संशोधकांच्या हवाल्याने लिहिले की या प्रकरणातल्या काही जणांच्या घुसखोरी झालेल्या ईमेल खात्यांना जोडलेला पर्यायी ईमेल आणि फोन नंबर पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याशी जुळतो. एनआयएचे म्हणणे वेगळे आहे. सरकारी तपासणीत असा कुठलाही घातक प्रोग्राम आढळला नाही, असे तिने सांगितले. यातले खरे काय ते न्यायालयाने पुरावे तपासून ठरवायचे आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन आणि ढवळे यांना जामीन दिला तेव्हाही आरोप निश्चित झालेले नव्हते. साडेसहा वर्षे तुरुंगात, आणि खटला उभाच राहिलेला नाही!

“आपण काय चोरी केली आहे?”

हे सगळे सांगितल्यावर कार्यकर्त्यांकडून दोन उत्तरे येतात.

पहिले : “आपण काय चोरी केली आहे? लपवायला आहेच काय?” मित्रहो, वरच्या अहवालांचा अर्थ नीट समजून घ्या. आरोप असा आहे की संगणकातून काही चोरले गेले तेवढेच नाही, तर संगणकात काही आणून ठेवले गेले. ज्याच्याकडे लपवायला काहीच नाही त्याच्याच घरात कोणी काही लपवून जाऊ शकते. मग तुमची निरागसता तुम्हाला वाचवत नाही.

आणि लपवायचे नाही हे तरी कुठे खरे आहे? जबाब देणाऱ्या बाईचे आजचे राहण्याचे ठिकाण लपवायचे आहे. साक्ष द्यायला तयार झालेल्या पोराचा फोन नंबर लपवायचा आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले, त्यात पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क आणि संरक्षण लिहिले आहे. ते संरक्षण सरकारकडे मागताना आपल्याच घरच्या संगणकाला कडी नसेल, तर आपण कोणत्या तोंडाने मागणार? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. तो हक्क फक्त बंगल्यात राहणाऱ्यांचा नाही. ताडीवाला रोडच्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या संगणकालाही तो लागू आहे.

दुसरे उत्तर : “ते एवढे मोठे, त्यांना करायचे ते करणारच.” हे उत्तर आम्हाला जास्त धोक्याचे वाटते. ही हार आहे आणि ती शहाणपणाचे सोंग घेऊन येते. नेटवायर हे काही कोट्यवधींचे गुप्त लष्करी हत्यार नव्हते. ते इंटरनेटवर उघड विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याची वेबसाइट बंद पाडली. पेगाससपुढे तुमचा-आमचा उपाय तोकडा पडेल, हे मान्य. पण साध्या, बाजारी हत्यारांपुढे साध्या सवयी पुष्कळ उपयोगी पडतात.

दारे उघडणाऱ्यांनी दार का लावावे?

एका तरुण मित्राने याहून नेमका आक्षेप घेतला. तो म्हणाला, “आपली सगळी चळवळ बंद दारे उघडण्याची. महाडचे तळे, काळारामाचे मंदिर, इथे पुण्यात १९२९ चा पर्वतीचा सत्याग्रह. आणि तुम्ही आम्हाला दार लावायला शिकवता?”

प्रश्न चांगला आहे. उत्तरही याच शहरात आहे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो कोणी जबरदस्तीने उघडलेला नव्हता. घर जोतीरावांचे, हौद जोतीरावांचा, आणि कोणासाठी खुला करायचा हा निर्णयही त्यांचा. महाडचे तळे सार्वजनिक होते म्हणून ते सर्वांना खुले हवे होते. साक्षीदाराचा जबाब सार्वजनिक तळे नाही. सार्वजनिक ते सर्वांना उघडे असावे, आणि घरातले कोणासाठी उघडायचे ते घरच्याने ठरवावे. फायरवॉल म्हणजे नेमका हाच निर्णय, संगणकाला समजेल अशा नियमांत लिहिलेला.

वॉचमन आणि पिशवी

आता ती करते काय, ते समजून घेऊ. तुमच्या संगणकाला हजारो क्रमांकित दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ क्रमांकाच्या दारावर बसतो, लिनक्समधला एसएसएच २२ वर. फायरवॉल सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखी असते. कोण आले, कुठल्या फ्लॅटला चालले, यादीत नाव आहे का, ते पाहते आणि नसेल तर परत पाठवते. घरचा राउटर हा पहिला वॉचमन, संगणकातली फायरवॉल हा दुसरा.

आमच्या पोराने काय केले होते? पहिल्या वॉचमनला सांगितले, “३३८९ वर जो येईल त्याला सरळ वर पाठव.” कोणाला, कुठून, काहीच अट नाही. म्हणून चार दिवसांत रांग लागली. क्रमांक बदलून उपयोग नसतो, कारण सगळी दारे ठोठावून पाहायला यंत्रांना फार वेळ लागत नाही. शिवाय पासवर्ड मजबूत असला तरी दारातच खोट निघू शकते. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये अशी खोट सापडली की पासवर्डाशिवाय आत शिरता यावे. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने आधार बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

पण इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा. बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी फायरवॉल विल्सन यांच्या संगणकाला वाचवू शकली नसती. नेटवायरसारखा प्रोग्राम एकदा मेलमधून आत आला की तो बाहेरच्याची वाट पाहत बसत नाही. तो आतूनच बाहेर संपर्क साधतो. वॉचमनला दिसते की घरातलाच माणूस बाहेर चालला आहे, आणि तो गेट उघडतो. विंडोजची फायरवॉल मुळात अशीच लावलेली असते : आत येणारे अडवा, बाहेर जाणारे जाऊ द्या.

पुण्याच्या सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना संध्याकाळी गेटवर पिशवी उघडून दाखवावी लागते. माणसांशी असे वागणे हा अपमान आहे, आणि त्याविरुद्ध आपण बोललेच पाहिजे. पण संगणकातल्या प्रोग्रामना कसला मानअपमान? तिथे मात्र जाणाऱ्याची पिशवी तपासायलाच हवी.

मग करायचे काय?

एक : राउटर. कंपनीने दिलेला ॲडमिन पासवर्ड आजच बदला. यूपीएनपी नावाची सोय बंद करा, ती असली की संगणकातला कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता दार उघडून घेऊ शकतो. पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी ठेवा.

दोन : बाहेरून घरी यायचेच असेल तर खासगी बोगद्यातून या, म्हणजे व्हीपीएन. वायरगार्ड हे फुकट आणि खुल्या स्रोताचे साधन आहे. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे ठोठावणाऱ्याला इथे दार आहे हेही कळत नाही. आधी बोगद्यात शिरायचे, मग रिमोट डेस्कटॉप. संगणकाच्या फायरवॉलमध्ये नियम लिहा की ३३८९ किंवा २२ वर फक्त बोगद्यातल्या पत्त्यांवरून आलेल्याला प्रवेश, बाकी सर्वांना नकार. अनेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तिथे थेट बोगदा जुळत नाही. अशा वेळी वायरगार्डवरच उभारलेल्या टेलस्केलसारख्या सेवा उपयोगी पडतात.

तीन : एनीडेस्कसारखी ॲप्स. अशा ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्क कंपनीने स्वतःच्याच यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. दुरुस्तीपुरते वापरले तर वापरा, काम झाले की काढून टाका. कोणी नसताना आपोआप जोडणी घेण्याची परवानगी कधीही चालू ठेवू नका.

चार : बाहेर जाणाऱ्यांवर नजर. लिनक्सवर ओपनस्निच, मॅकवर लुलू अशी साधने नवा प्रोग्राम बाहेर संपर्क साधू लागला की तुम्हाला विचारतात. विंडोजमध्येही फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये बाहेर जाण्याचे नियम लिहिता येतात. ही साधने परिपूर्ण नाहीत, हुशार प्रोग्राम ब्राउझरच्या आड लपतो. तरीही बावीस महिने काहीच न कळण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात शंका येणे केव्हाही चांगले.

पाच, आणि सर्वांत महत्त्वाचे : माणूस. त्या मेलवर नाव ओळखीच्या, आदरणीय माणसाचे होते. कोणी कितीही जवळचा असो, “ही फाइल लगेच उघड” असा आग्रह आला की आधी फोन करून विचारा. रोजचे काम ॲडमिन नसलेल्या खात्यातून करा. हार्ड डिस्क एन्क्रिप्ट करा. काम नसेल तेव्हा संगणक बंद ठेवा, बंद संगणकात इंटरनेटवरून कोणी शिरत नाही.

आणि प्रत ठेवा. १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बोट टॉर्पेडोने बुडाली. इतक्या कष्टाने जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. त्या माणसाने पुढे राजगृह उभे केले, ग्रंथांसाठी घर. आपल्याकडे त्यांच्यासारखी चिकाटी नसेल, पण एक वेगळी हार्ड डिस्क, संगणकापासून काढून कपाटात ठेवलेली, एवढे तर जमेल?

कडीने न्याय मिळत नाही

हे सगळे केले की आपण सुरक्षित झालो, असे आम्ही म्हणत नाही. ज्या दिवशी पोलीस घरी येऊन संगणक उचलतात त्या दिवशी फायरवॉल संपते आणि कायदा सुरू होतो. म्हणून कायदाही शिका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे बंधनकारक आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे डिस्कवरच्या मजकुराच्या बोटाचा ठसा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. जप्तीच्या क्षणीच ती लिहून मागा, पंचनाम्यात नोंदवून घ्या, आपल्या वकिलाला पाठवा. पुढे कोणी काही घातले तर ठसा जुळणार नाही. पण जप्तीच्या आधीच काही घातलेले असेल, तर हा ठसाही उपयोगाचा नाही. त्यासाठी वरची पाच कामे.

हिंजवडी, खराडीच्या कंपन्यांत आज आपली शेकडो पोरे-पोरी हेच काम दिवसभर करतात. शिष्यवृत्तीवर शिकून, वसतिगृहात राहून तिथे पोचलेली. बँकांच्या, परदेशी कंपन्यांच्या फायरवॉल सांभाळतात. त्यांना आमचे कळकळीचे सांगणे : महिन्यातला एक रविवार आपल्या वस्तीच्या बुद्धविहाराला द्या. बोपोडी असो, दापोडी असो, दांडेकर पूल असो. दहा कार्यकर्त्यांचे राउटर आणि संगणक तपासून द्या. समाजाने तुम्हाला जे दिले ते परत करण्याचा याहून थेट मार्ग आम्हाला दिसत नाही. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश पदवीपाशी संपत नाही.

आमच्या येरवड्याच्या संगणकावर आता बोगदा आहे, तीन जणांकडे किल्ल्या आहेत, आणि लॉगिनची नोंद दर रविवारी कोणीतरी वाचते. त्या ताईंनी स्वतः शिकून घेतले आहे, पहिली पाळी त्यांचीच असते. गावातल्या त्या बाईला यातले काही माहीत नाही. तिने माहीत करून घ्यायची गरजही नाही. तिने आपल्यावर विश्वास ठेवून जबाब दिला. तो सांभाळणे हे आपले काम आहे.

जय भीम! जय संविधान!